अक्षदाने कळवलेले कार्ड

कॉम्प्युटरवर वादळाचा इशारा वाजत होता आणि किनारा चिडीचूप होता. पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकत होती. अक्षदाने आवाज शेवटपर्यंत वाढवला. मच्छीमार सोसायटीच्या छपरावरचा कर्णा ढिम्म.

"लाव मा गो लवकर!" चेअरमन हरिश्चंद्र दारातून ओरडला.

"लावलंय, भाई. हयसर वाजता हा."

"खंय वाजता? तुझ्या कपाळार?"

अक्षदाचा बाप सहदेव खाडीच्या तोंडापुढे जाळी टाकायला गेला होता. मोबाईल भिजतो म्हणून तो घरीच ठेवायचा. दक्षिणेकडून आभाळ काळेशार चढत होते. देवबागच्या लहान होड्यांना माघारी बोलवायला हा कर्णा तेवढाच होता.

सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली ती अक्षदानेच. तिचे आवाजाचे ड्रायव्हर, म्हणजे साउंड कार्ड चालवणारे प्रोग्राम, जगभरची माणसे लिहून फुकट वाटतात. कुठले कार्ड त्यावर चालते आणि कुठले अडते, हे वापरणाऱ्यांनी त्यांना कळवायचे. अक्षदा कसालच्या दुकानातून जुनी कार्डे आणून तपासायची आणि कळवायची. सोसायटीत बसवलेल्या या कार्डाबद्दल तिने लिहिले होते, रोज वाजवते, तक्रार नाही.

रोज! रोज सकाळी कर्ण्यावर आरती लागायची. पण वाडीतला सत्यवान वारला, आणि त्याचा बारावा होईपर्यंत कर्णा वाजवायचा नाही असे रीतीप्रमाणे ठरले. कॉम्प्युटर चालू, कार्ड मात्र गप्प पडून. वाजवले नाही की वीज वाचवायला कार्ड निजते; इतके दिवस निजलेले कार्ड उठते का, हे तिने कधी पाहिलेच नव्हते.

तिने ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला. काही नाही. शेवटी तिने कार्डातली कर्ण्याची वायर उपसली आणि परत खुपसली.

कर्णा असा खेकसला की हरिश्चंद्र मटकन खाली बसला.

होड्या वळल्या. सहदेव नखशिखांत भिजून वर आला तो रागानेच. "सुतकात कित्याक गो बोंब मारलंस?"

अक्षदाने त्याचा हात घट्ट धरला, आणि तसाच सोडून दिला. तिला आठवले, पलीकडच्या बंदरातल्या सोसायटीने तिच्याच शब्दावर हेच कार्ड बसवले होते. तिथे तर आरतीही लागत नव्हती. कर्णा फक्त वादळापुरता. तिने फोन फिरवला.

"आमचो कर्णो कधीचो लावलंय," तिथली हौसाबाई म्हणाली. "पट्टी सरकता हा मा."

"मावशे, तू कानान आयकलंस काय?"

"दारा लावन बसलंय. भायर वारो मरणाचो आसा."

"कार्डातली वायर काढून परत घाल. मगे भायर जावन आयक. जा गे मावशे!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग दार उघडल्याचा. मग नुसता वारा. अक्षदा फोन कानाला दाबून उभी राहिली. वाऱ्यात आणखी काही ऐकू येते का, म्हणून तिने श्वासही रोखून धरला होता.