केरूने न पाहिलेले गोल

रितेशची इको सकाळी सातला पेणमध्ये माझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्यात तीन माणसं आणि दोन डबे होते. डबे सईदच्या घरचे, साबिराभाभींनी भरलेले. एकात सांदणं होती. दुसऱ्यात काय आहे ते सईद सांगत नव्हता, त्यावरून ते चांगलं असणार हे मी ओळखलं.

पुढच्या सीटवर सईद. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावचा माणूस, सव्वीस वर्षं कुवेतला काढून परत आलेला आणि परत आल्यापासून कुठल्याही गाडीत मागे न बसलेला. आज त्याचा तो हक्कच होता. त्याचा नातू अफान रायगड जिल्ह्याच्या संघातून डाव्या बाजूला खेळतो, आणि आज मुंबईला कूपरेजवर कोल्हापूरशी सेमीफायनल होती. मागच्या सीटवर केरू. रोह्याजवळच्या गावचा, भाताचा आणि वालाचा शेतकरी, गाडी चालवणाऱ्या रितेशचा काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नव्या चपला, खिशात कंगवा. बासष्ट वर्षांचा माणूस मुलीच्या लग्नाला निघावा तसा निघाला होता, आणि तो मॅच बघणार नव्हता.

"आज तरी बघ रे," सईद मान न वळवता म्हणाला.

"येतो म्हणालो होतो," केरू म्हणाला. "बघतो असं कधी बोललो?"

"कूपरेजपर्यंत यायचं आणि मैदानाकडं पाठ करून बसायचं?"

"बसनार नाय. उभा राहीन. पोराची मॅच हाय, माझ्यापायी कशाला हरावी?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. या विषयावर मी बोलत नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण मीच आहे.

चाळीस वर्षांपूर्वी आमची टीम होती, अष्टमी इलेव्हन. अकरापैकी सात अष्टमीचे, चार रोह्याचे, आणि मैदान केरूचं. भात कापून झालं की केरू आपल्या तीन खाचरांमधले दोन बांध स्वतः फोडायचा आणि जूनच्या आधी स्वतः परत घालायचा. बाकीच्यांच्या शेतात तेव्हा वाल उभा असायचा. केरूच्या शेतात आम्ही उभे असायचो. धसकटं पायात शिरायची, पडलं की कोपर सोलून निघायचं, पण बॉल असा उसळायचा की बाहेरून येणाऱ्या टीमला त्याचा अंदाज यायचा नाही. आमच्या निम्म्या विजयांचं श्रेय त्या धसकटांना आहे.

केरूला खेळता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं, पण मी धाटावच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला मस्टर सांभाळायचो, म्हणून टीमचा हिशेबनीस झालो. कंपनीच्या वहीत कोण उशिरा आला ते लिहायचं, टीमच्या वहीत कोणी गोल मारला ते. कोण सरावाला आला नाही, कोणाचा पाय सुजल्याचं कारण खरं आणि कोणाचं सासुरवाडीचं, सगळं माझ्याकडे असायचं. पोरं मला घाबरायची. मला ते आवडायचं.

तिसऱ्या वर्षी आम्ही लागोपाठ हरायला लागलो. एका संध्याकाळी सगळे तोंड पाडून चहा पीत होते, म्हणून हसवायला मी वही उघडली आणि गंभीर आवाजात वाचलं, "केरू हजर: पाच मॅच, पाच पराभव. केरू गैरहजर: तीन मॅच, तीन विजय." सगळे लोळून हसले. सर्वात जास्त केरू हसला. पुढच्या रविवारी तो आपणहून पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन बसला, बिडी ओढत. आम्ही तीन-शून्यने जिंकलो.

झालं. त्यानंतर केरू आठ वर्षं त्या उडवीमागे बसला. मैदान त्याचं, बांध त्याने फोडलेले, पाण्याचा हंडा त्याच्या घरचा, आणि मॅच त्याने फक्त ऐकली. त्याला मागे जा असं कोणी कधी म्हटलं नाही. पुढे ये असंही कोणी म्हटलं नाही, कारण आम्ही जिंकत होतो. मग सईद कुवेतला गेला, बाकीचे शिफ्टला लागले, आणि एका वर्षी केरूने त्या खाचरांत वाल पेरला.

आता खरा हिशेब. केरू हजर असताना आम्ही दोन मॅच जिंकलो होतो. एक नागोठण्याशी, एक माणगावशी. त्या मी वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तर कोणी हसलं नसतं. नंतर सांगू म्हटलं, आणि नंतर सांगायची लाज वाटायला लागली. लाजेचं असं आहे की ती दरवर्षी थोडी वाढते.

कूपरेजवर कोल्हापूरकर आमच्या आधी पोचले होते. ट्रॅव्हल्स भरून आले होते, ढोल आणला होता. आम्ही चौघं, आणि अलिबागकडचे पंधरा-वीस जण. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. केरू खाली कठड्याशी जाऊन उभा राहिला, मैदानाकडे पाठ, लोकांकडे तोंड, हात मागे बांधलेले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

पाचव्या मिनिटाला शिट्टीवाला गार्ड आला. "काका, मॅच त्या बाजूला आहे."

"ठाऊक हाय," केरू म्हणाला. "तुमी बघा."

शेजारच्या रांगेतला भगवा रुमाल बांधलेला एक कोल्हापूरकर मघापासून त्याच्याकडे बघत होता. "काय आजोबा, मैदानावर रुसलाय काय?"

"नाय ओ. आमची पद्धत हाय."

"मग काय चाललंय ते कळतंय तरी काय?"

"आता तुमचा फाउल झाला," केरू म्हणाला. "फ्री-किक आमची. लांबून हाय, काय होनार नाय."

कोल्हापूरकराने मैदानाकडे बघितलं आणि परत केरूकडे बघितलं. तसंच होतं. त्यानंतर तो दर दोन मिनिटांनी विचारत राहिला आणि केरू सांगत राहिला. कॉर्नर, थ्रो, गोलकीपरने धरला. कोणत्या आवाजाला काय होतं हे तो आठ वर्षांत शिकला होता. कोल्हापूरकराच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं ते मला बघवत नव्हतं.

एकतिसाव्या मिनिटाला अफानने डावीकडून बॉल घेतला, एकाला आत काढलं, दुसऱ्याला बाहेर, आणि अशा कोनातून मारला की गोलकीपर बॉल जाळीत गेल्यावर पडला. सईद उभा राहिला. तो ओरडला नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसता उभा राहिला.

"कुनी मारला?" खालून केरूने विचारलं. गोल झाला हे त्याला कळलं होतं. कोणाचा ते आवाजावरून कळत नाही.

"अफानने," मी म्हणालो.

केरूचा चेहरा असा फुलला की समोरचा कोल्हापूरकरसुद्धा हसला. मग सईद त्याला म्हणाला, "केरू, कसा मारला बघायला पायजे होतास रे," आणि केरू हसत हसतच म्हणाला, "आवाज चांगला आला."

हाफटाइमला मी त्याला चहाच्या टपरीपाशी बाजूला घेतलं.

"केरू, ती वही खोटी होती."

"कुठली वही?"

"टीमची. तू असताना आपण दोन मॅच जिंकल्या होत्या. मी त्या गाळल्या."

त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं. "आपण एक-शून्यनं पुढं हाय, आणि आता तू मला फिरवायला बघतोस? त्या ढोलवाल्यांनी काय दिलं तुला?"

"खरं सांगतोय."

"नाथा, तू तोंडानं आजवर शंभर थापा मारल्यास. वहीत एकपन नाय."

चाळीस वर्षांत मला कोणी दिलेलं हे सर्वात चांगलं प्रमाणपत्र होतं, आणि ते मला परत करायचं होतं.

"नागोठण्याची मॅच," मी म्हणालो. "तुझ्या सायकलची चेन तुटली होती. तू चालत आलास, उशिरा. हात काळे. पाण्याच्या हंड्याला हात लावला म्हणून सईदने तुला शिव्या घातल्या. मग तू गोलच्या मागे उभा राहिलास."

केरूचे डोळे दुसरीकडे गेले होते, आणि तिथे काहीतरी दिसत होतं.

"सुजयनं हेडर मारला," तो हळूच म्हणाला. "उडी मारली तेव्हा त्याचा शर्ट वर गेला. पोटावर देवीचा डाग होता."

"हां."

"दोन-एक."

"दोन-एक. आपण जिंकलो."

सईद वडापाव घेऊन आला होता आणि शेवटची दोन वाक्यं ऐकून तसाच थांबला.

"तुला ठाऊक होतं," केरू म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"होतं."

"आठ वर्षं. माझ्याच शेतात." तो आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने उरलेला चहा नीट संपवला, कप डब्यात टाकला आणि निघून गेला.

"खेळाडू असतास तर तुला लाल कार्ड दाखवलं असतं," सईद मला म्हणाला. "हिशेबनीसाला काय दाखवायचं ते कुठल्याच नियमात नाय." माझ्या वाट्याचा वडापाव त्याने रितेशला दिला.

मला वाटलं, केरू गाडीत जाऊन बसला असेल. आम्ही वर आलो तर तो आमच्या रांगेत नव्हता. तो त्या भगव्या रुमालवाल्याच्या शेजारी, कोल्हापूरकरांच्या मधोमध, मैदानाकडे तोंड करून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. उत्तरार्ध सुरू झाला आणि मी मैदान सोडून त्याच्याकडेच बघत राहिलो. बॉल जिकडे जाईल तिकडे त्याची मान जात होती, थोडी उशिरा. आवाज आधी ऐकायची सवय, मग डोळे.

अडुसष्टाव्या मिनिटाला कोल्हापूरने बरोबरी केली. सईदने माझ्याकडे बघितलं, मी सईदकडे. तो मनात काय म्हणाला ते मला ऐकू आलं, कारण मीही तेच म्हणालो होतो. हिशेब खोटा आहे हे स्वतः कबूल करून अर्धा तास झाला होता, आणि माझाच त्याच्यावर पुन्हा विश्वास बसायला लागला होता. केरूने एकदा मागे वळून आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठेल, पाठ करेल. तो परत पुढे वळला.

सत्याऐंशीव्या मिनिटाला कोल्हापूरच्या एका बुटक्या पोराने लांबून, बॉल जमिनीला लागायच्या आत मारला. तो कोपऱ्यात गेला. ढोल सुरू झाला. त्या गोंधळात आमच्या रायगडचा केरू उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि भगवा रुमालवाला त्याच्या पाठीवर थापा मारत होता.

हरलो. दोन-एक.

पोरं कठड्यापाशी आली. अफानचे डोळे लाल होते. सईदने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केरू मात्र कठड्यावरून वाकून म्हणाला, "अफान, तुझा गोल मी नाय बघितला. कसा मारलास ते दाखव."

"चाचा, हरलो आपण."

"ते बघितलं मी. तुझा नाय बघितला. दाखव."

अफानने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी मान हलवली. मग त्या पोराने, घामेजलेल्या मोज्यांवर, बॉल नसताना, एकाला आत काढलं, दुसऱ्याला बाहेर, आणि पाय मागे नेऊन मारला. केरूने जाळीपर्यंत बघितलं.

परतीच्या वाटेवर सांदणं आणि दुसरा डबा उघडला. खिमा होता. केरूने माझ्याकडे डबा सरकवला, पण बोलला नाही. जे बोलायचं ते सईदशी.

"सईद, म्हसळ्याच्या मॅचला तू दोन मारलेस. पहिल्याला लय लांब आवाज आला होता. का?"

"बॉल बांधाला लागून उडाला. गोलकीपर वर बघत बसला."

"मला वाटायचं डोक्यानं मारलास."

"नाय रे. ढोपरानं."

केरूने त्यावर विचार केला. इतकी वर्षं मनात एक गोल ठेवला होता तो काढून त्याजागी दुसरा ठेवत असावा. मग पुढचा विचारला. पनवेल येईपर्यंत त्याने अकरा गोल विचारले. सात सईदला आठवत होते. उरलेल्या चारांत सईद स्वतः जमिनीवर पडलेला होता किंवा पाठमोरा पळत होता. तेव्हा त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

दोन मला आठवत होते. ते मी सांगितले, केरूकडे न बघता, सईदला सांगितल्यासारखे. तिसऱ्याला मी थांबलो.

"हा मी बघितला नाही," मी म्हणालो. "आधीच्या गोलचं मिनिट लिहीत होतो."

आधी रितेश, जो तेव्हा जन्मलाही नव्हता, तो हसायला लागला. सईद हसला. केरू हसला नाही, पण त्याने खिडकीची काच थोडी सरकवली.

चार वाजता पेण आलं. रितेशने माझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. मी दार सरकवलं, एक पाय खाली ठेवला.

"मुरूडचा राहिला," केरू म्हणाला. हाफटाइमनंतर तो माझ्याशी थेट बोलला तो पहिल्यांदाच. "दुसऱ्या हाफातला. त्याला सगळे एकदम गप झाले होते, आणि मग ओरडले. तसला आवाज परत कधी आला नाय."

तो मी बघितला होता. मी पाय आत घेतला, दार ओढलं. रितेशने कोणाला न विचारता गाडी वडखळच्या दिशेने काढली. रोह्याहून पेणला शेवटची एसटी किती वाजता आहे ते मला पाठ आहे, पण मी ते बोललो नाही.

"मुरूडचा," मी सुरू केलं. "त्या दिवशी वारा खाडीकडून होता..."

"वारा मलापन लागला होता," केरू म्हणाला. "बॉलचं सांग."