ऐकणारा नवरा

भिंगरीची बायको नशीबवान, यावर क्लबातल्या सगळ्या बायकांचं एकमत होतं. आणि त्यांचं एकमत क्वचितच कशावर व्हायचं. गोलकीपरची बायको म्हणायची, "आमच्याकडे मी घर पेटलंय म्हणून ओरडले तरी आतून 'हूं' येतं." कप्तानाची बायको म्हणायची, "आमचा फक्त रेफरीचं ऐकतो, तेही कार्ड दाखवल्यावर." भिंगरी मात्र बायकोचं ऐकायचा. भांडी पुसता पुसता ऐकायचा, मांडीवरच्या ठकीची इवलीइवली नखं कापता कापता ऐकायचा, आणि बायको दम घ्यायला थांबली की मान वर न करता विचारायचा, "मग? पुढे काय म्हणाली ती?"

भिंगरी हे नाव त्याला प्रेक्षकांनी दिलेलं. डाव्या रेघेवरून चेंडू घेऊन सुटला की तो आत वळणार की बाहेर हे समोरच्या बॅकला शेवटपर्यंत कळायचं नाही. गरकन फिरायचा, आणि बॅक बिचारा बुडावर बसलेला. त्याची बायको आधी त्याच्या पळण्याच्याच प्रेमात पडली होती. ती तेव्हा औषधांच्या दुकानात होती आणि तो गुडघ्याचं मलम न्यायला यायचा. गुडघा इतका दुखत असेल तर हा इतका पळतो कसा, हे बघायला ती एकदा मैदानावर गेली आणि तिथेच फसली.

त्याला आता अकरा वर्षं झाली. भिंगरी तेहेतिसाव्यात होता. "विंगरचं वय कुत्र्यासारखं मोजावं," प्रशिक्षक म्हणायचे, "एका वर्षाची सात." पूर्वी जिथे तो बॅकला दोन हात मागे टाकायचा तिथे आता बॅक त्याच्या बरोबरीनं पळायचा, वर चेंडूही काढून न्यायचा. तरी त्याला संघातून काढलं नव्हतं, कारण एक गोष्ट त्याला अजून जमत होती. समोरचा बॅक त्याच्यापुढे पिसाळायचा. लाथ घालायचा, ढकलायचा, कार्ड खाऊन बाहेर जायचा. दोन वर्षांत असे सात जण गेले होते.

"हे कसं रे जमतं तुला?" ती कौतुकानं विचारायची.

"अनुभव," तो म्हणायचा.

त्या रविवारी सामना जिंकला नसता तर संघ खालच्या गटात गेला असता, आणि खालच्या गटात तेहेतीस वर्षांच्या विंगरला कुणी घरात घेत नाही. करार महिन्याभरात संपणार होता. समोर उजवा बॅक होता खांब. हाही प्रेक्षकांनीच दिलेला शब्द. उंच, शांत, हलवूनही न हलणारा. खांब पूर्वी याच क्लबात होता. दोन्ही घरांमध्ये तीन वर्षं एकच भिंत होती. त्याची बायको शाळेत चित्रकला शिकवायची, म्हणून सगळ्या तिला चित्रवाली म्हणत. ठकीच्या वेळी प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या तेव्हा भिंगरी दौऱ्यावर होता. गाडी काढली ती चित्रवालीनं, हातावरचा रंगही न धुता.

याच चित्रवालीचं बाळ दोन महिन्यांपूर्वी, सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. हे तिनं फोनवर सांगितलं ते एकीलाच. "आईलासुद्धा अजून सांगितलं नाही गं. पाळणा जोडून ठेवला होता यानं. तो अजून तसाच उभा आहे. हा त्याला हातही लावू देत नाही."

त्या संध्याकाळी भिंगरीची बायको ओट्याशी डोळे पुसत पुसत हे सगळं नवऱ्याला बोलली. नवऱ्याला सांगणं म्हणजे काही बाहेर सांगणं नव्हे. त्यानं हातातली ताटली खाली ठेवली होती. नीट ऐकलं होतं.

सामन्याला घरच्यांना वर काचेच्या खोलीत बसवत. तिथून मैदान गालिच्यासारखं दिसायचं आणि ऐकू काही यायचं नाही. पण ठकीला दाढा येत होत्या. खोलीत उकडत होतं, पोर रडून लालबुंद झाली होती, आणि चेअरमनच्या बायकोनं दोनदा मान वळवून बघितलं होतं. उत्तरार्ध सुरू झाल्यावर ती ठकीला कडेवर घेऊन खाली आली. रेघेलगत, जाहिरातीच्या फळ्यांमागे, सुरक्षारक्षकानं तिला एक घडीची खुर्ची मांडून दिली. "बसा वहिनी. इथे हवा आहे."

हवा होती, आणि बाकीही बरंच होतं. इतक्या जवळून तिनं खेळ कधी पाहिला नव्हता. गवतावर जागोजागी थुंकी चकाकत होती. कुणी एक नाकपुडी दाबून दुसरी मोकळी करत होता, कुणी त्याच हातानं मित्राचा गाल थोपटत होता. पहिल्या रांगेतला एक टकल्या रेलिंगवर ओणवा होऊन भिंगरीला आयमायवरून शिव्या देत होता. म्हणजे हा आपल्याच संघाचा. तिनं ठकीचे कान आपल्या छातीशी दाबले. पोर थंड वाऱ्यानं शांत झाली आणि फळीवरची अक्षरं चाटायला वाकू लागली.

मग गोलकीपर कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटून पडला आणि उठेना. स्ट्रेचर आलं. तीस हजार माणसं एकदम गप्प झाली. भिंगरी आणि खांब पाणी प्यायला रेघेपाशी आले, अगदी तिच्यासमोर, सहा पावलांवर. दोघांच्या पाठी तिच्याकडे. भिंगरीनं पाणी तोंडात खुळखुळवून थुंकलं. मग कॅमेरे असलेल्या बाजूनं तोंडावर तळवा धरला, कुणी ओठ वाचू नयेत म्हणून सगळेच खेळाडू धरतात तसा, आणि अगदी घरातल्या आवाजात, भांडी पुसतानाच्या आवाजात तो म्हणाला:

"पाळणा अजून तसाच उभाय म्हणे. विकायचा असला तर सांग. आमच्याकडे गिऱ्हाईक आहे."

खांबानं बाटली खाली ठेवली. झाकण लावून ठेवली, हे तिच्या डोळ्यांत कायमचं राहिलं. मग वळून त्यानं भिंगरीच्या तोंडावर एक ठोसा घातला.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. भिंगरी तोंड धरून चार कोलांट्या लोळला, लाल कार्ड निघालं, खांब बाहेर गेला. दहा जणांत खेळणाऱ्या समोरच्या संघावर त्यानंतर अकराव्या मिनिटाला गोल झाला. संघ वाचला. टकल्या रडत होता आणि "माझा राजा!" म्हणून ओरडत होता. प्रशिक्षकांनी भिंगरीला उचलून घेतलं. "म्हातारा डोक्यानं खेळतो!" ते पत्रकारांना म्हणाले.

घरी तो बर्फाची पिशवी गुडघ्यावर आणि पाय कोमट पाण्याच्या टबात सोडून जेवत होता. ओठ सुजला होता. भूक मात्र दांडगी होती.

"पाळण्याचं तू बोललास?" तिनं विचारलं.

चमचा थांबला. "तू वर काचेत नव्हतीस?"

त्याला आधी हे सुचलं. ती वाट बघत होती की तो नाही म्हणेल, निदान खोटं तरी बोलेल.

"मी खाली होते. ठकीला घेऊन."

"अगं, मग थंडी नाही का लागली तिला?" तो खरंच काळजीनं म्हणाला. मग तिचा चेहरा बघून चमचा ठेवला. "हे बघ. मी त्याला बोट लावलं नाही. हात त्यानं उचलला. आणि मैदानावरचं मैदानावर राहतं. शिट्टी वाजली की संपलं."

"त्यांचं शिट्टीनं संपतं?"

"तू उगाच..."

"गिऱ्हाईक कोण रे? ठकी?"

"बोलायचं म्हणून बोलतो माणूस! सुचेल ते बोलतो." त्यानं टबातला पाय हलवला, पाणी फरशीवर सांडलं. "तो पहिल्या रांगेतला टकल्या तुझ्याबद्दल दर रविवारी काय काय ओरडतो, माहितेय? एकदा तरी घरी येऊन सांगितलं मी? रेघेवर खेळतो मी, मधल्यांसारखा लांब नाही. कानाला लागून असतात ती तोंडं. अकरा वर्षं गिळलंय. गिळायचं आणि पळायचं. आता पळता येत नाही. पाय गेले, तोंड राहिलंय, तर तोंड वापरायचं. करार झाला नाही तर ठकीला काय माझे जुने फोटो खाऊ घालशील?"

यात खरं होतं, हेच वाईट होतं. तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. काळी पडलेली नखं, घोट्यावरच्या टाक्यांची रांग. या पायांना तिनं किती वेळा तेल लावलं होतं. आणि तेवढ्यात तिला ते दुसरे आठवले. ज्याचा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात होता तो बॅक. ज्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती तो. ज्याच्या वडिलांना विस्मरणाचा आजार झाला होता तो. प्रत्येकाला लाल कार्ड. आणि प्रत्येकाची बातमी वाढदिवसात, बारशात, फोनवर कुणी ना कुणी बाईनं विश्वासानं तिच्या कानात घातलेली. तिनं ती घरी आणलेली. मग? पुढे काय म्हणाली ती? ती पास देत होती आणि हा गोल करत होता.

"माझ्याकडून ऐकलेलं असं किती जणांना बोललास?" तिनं विचारलं.

तो प्रामाणिकपणे बोटांवर मोजायला लागला. एक, दोन, तीन. मग तिच्याकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

न्हाणीघरात जाऊन तिनं चूळ भरली, पुन्हा भरली. आरशात तोंड आपलंच होतं, म्हणून तिकडे पाहिलं नाही.

खांबावर बंदी येणार हे उघड होतं. गुरुवारी अकरा वाजता शिस्त समितीसमोर सुनावणी होती. पेपरात आलं, की त्यानं चिडण्याचं कारण सांगायला नकार दिला आहे. कारण नसेल तर सहा सामने. कारण माहीत असलेली चौथी व्यक्ती आपण, हे तिला कळत होतं. तिनं उभं राहून सांगितलं असतं तर खांबाची शिक्षा अर्धी झाली असती, आणि भिंगरीच्या कराराची चिठ्ठी फाटली असती. दोन दिवस ती ठकीला भरवताना, न्हाऊ घालताना, झोपवताना हेच घोळवत राहिली. बुधवारी दुपारी ठकी झोपल्यावर तिनं चित्रवालीला फोन लावला.

"मीच सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "पाळण्याचं. माझ्याकडून गेलं."

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"मला वाटलं दवाखान्यातली नर्स," चित्रवाली म्हणाली. "काल जाऊन तिला नाही नाही ते बोलून आले मी. सगळ्यांसमोर. रडत होती ती. लेखी तक्रारही दिलीय." थांबून म्हणाली, "तुझं नाव माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही बघ."

"मी उद्या येते. समितीला सांगते त्यानं काय म्हटलं ते. माझ्या कानांनी ऐकलंय."

"नको."

"अगं, सहा सामने जातील त्याचे! मी सांगते ना, मी..."

"तो म्हणतो, जाऊ देत. टेबलापलीकडच्या पाच अनोळखी माणसांपुढे आमचं बाळ काढायचं नाही. उद्याच्या पेपरात छापून आणायचं नाही." चित्रवालीचा आवाज चढला नव्हता. वर्गातल्या मुलाला समजवावं तसं ती बोलत होती. "तुला बरं वाटावं म्हणून आणखी पाच जणांना सांगशील तू. नको. मला आता त्या नर्सच्या पाया पडायला जायचंय. फोन ठेवते."

"परत करू का फोन? नंतर?"

"कशाला? मी काय बोलणार आता तुझ्याशी?" चित्रवाली म्हणाली, आणि तो टोमणा नव्हता, तिला खरंच सुचत नव्हतं.

गुरुवारी खांबाला सहा सामने बसले. शुक्रवारी सकाळी भिंगरी क्लबातून आला तो जिन्यावरूनच ओरडत. "वाढलं! एक वर्ष वाढलं!" दारातच त्यानं बूट भिरकावले, ठकीला उचललं, वर फेकून झेललं, आणि तिचं झबलं वर करून पोटावर तोंड लावून फुर्रर्र केलं. ठकी खिदळली. पुन्हा केलं. ठकीच्या पांढऱ्याफेक पोटावर त्याच्या ओठांचा ओला गोल उमटला.

तिनं पोर त्याच्या हातातून काढून घेतली. न्हाणीघरात नेऊन बेसिनच्या काठावर बसवली, पाणी कोमट आहे ना हे कोपरानं पाहिलं, आणि साबणाचा हात ठकीच्या पोटावरून फिरवू लागली, हळू, गोल गोल. ठकीला गुदगुल्या होत होत्या. ती आईचे केस ओढून आणखी हसत होती.

तो दारात येऊन उभा राहिला. "काय गं? आत्ता क्लबात अंघोळ करून आलोय मी."

तिनं पाणी घेतलं, साबण धुतला, बोटांनी चाचपून पाहिलं आणि पुन्हा साबण लावला.

"अगं, बोल की काहीतरी," तो म्हणाला. "झालं काय?"

तिनं नळ आणखी मोठा सोडला.