वॉशिंग मशीनशेजारची टाकी

मी वॉशिंग मशीनशेजारी राहणारी काचेची टाकी आहे. मित्रांनो, टाकी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे प्रवाळ आणि निळे दिवे आले असतील. ते सगळं हॉलमधल्या मोठ्या टाकीत. माझ्या पोटात खारं पाणी, एक स्पंज आणि पाइपाचा तुकडा. पाहुणे मला बघून विचारतात, "यात काय भिजत घालता?"

पाच काचा चिकटवून मला घडवलं. दुकानात मी भरपूर धूळ खाल्ली आणि मग चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एकाने मला घरी आणलं.

"बाबा, नवा मासा आणला की आधी महिना-दीड महिना यात," तो वडिलांना म्हणाला. "रोग निघाला तर औषध इथेच देता येतं. मोठ्या टाकीत ते टाकलं तर प्रवाळ मरेल."

"ठणठणीत तर दिसतोय मासा."

"माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणतो, मला नीट दिसतं."

कित्येक मासे माझ्याकडून बरे होऊन हॉलमध्ये गेले. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. माशांना मान नसते, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही.

बाबा पूर्वी इस्पितळाच्या दारावर पहारेकरी होते. भेटायची वेळ संपली की ते सख्ख्या भावालाही बाहेर काढत. आता त्यांच्याकडे मोठ्या टाकीतला एक नारिंगी जोकर मासा होता. मुलाच्या दिवंगत आईने आणलेला. बाबा त्या मासोळीला बाईसाहेब म्हणत आणि ती त्यांच्या बोटावरून खाई.

मग माझ्याकडे एक निळा मासा आला. दिवसभर पाइपात बसून राही.

"एकटा पडलाय बिचारा," बाबा म्हणाले. मुलगा दुकानात होता. त्यांनी बाईसाहेबांना मगमध्ये घेतलं आणि माझ्यात सोडलं. "जा, विचारपूस करून ये."

थोड्या वेळाने बाईसाहेब परत हॉलमध्ये. मग रोज दुपारी हेच. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, म्हणजे काचेसारखी उभी होते.

काही दिवसांनी निळ्याच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके उठले. मुलगा चक्क खूश झाला. "बघा बाबा! म्हणून वेगळं ठेवायचं. मोठी टाकी वाचली!"

"हं," बाबा म्हणाले आणि एकाच टॉवेलची पुन्हा पुन्हा घडी घालत राहिले.

आठवडा गेला. बाईसाहेबांनी खाणं सोडलं. त्यांच्या अंगावरही तेच ठिपके आले, श्वास पुरेना. मुलाने मोठ्या टाकीतले सगळे मासे माझ्यात आणले. लग्नघरासारखी गर्दी झाली, फक्त कुणी जेवत नव्हतं. औषधाने निळा खडखडीत बरा झाला. बाईसाहेब तळाशी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

"रोग तिकडे गेलाच कसा?" मुलगा म्हणाला.

"मी न्यायचो तिला. भेटायला."

मुलाने औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. "ठिपके दिसले त्या दिवशी तरी सांगायचं होतंत."

"तू तिला औषधात टाकलं असतंस. या वयात सोसलं नसतं तिला."

"तेव्हा सोसलं असतं, बाबा."

बाबांनी माझ्यात हात घातला आणि बाईसाहेबांना तळव्यावर घेतलं. पाणी कोपरापर्यंत ओघळलं, तरी ते तसेच उभे राहिले.

मित्रांनो, दया आली तर येऊ द्या, तिला कोण अडवणार? पण तिच्या पायी चूक झाली, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मी सगळं बघत होते, पण मला तोंड नव्हतं. बाबांना होतं.