शेख मबरूकला आईचं नाव कसं कळायचं

असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज आटोपली की अख्खं अबू-सिद्र गाव शेख मबरूकच्या अंगणात लोटायचं. गर्दी इतकी, की दाराबाहेरचं गाढवसुद्धा मान आत खुपसून ऐकत राहायचं, आणि शेखने डोळे मिटले की तेही मिटायचं.

त्या दिवशी शेखने हवेत हात फिरवला आणि शाबान खाटकाला म्हणाला, "झनूबाच्या पोरा, तुझ्या लघवीतून रक्त जातं."

रक्ताचं सोडा, पण आईचं नाव? इकडचा, सोहाग जिल्ह्यातला माणूस एकवेळ दात उपटून हातात देईल, पण चारचौघांत आईचं नाव घेणार नाही. बायकांना हाक मारायची ती थोरल्या मुलाची आई म्हणून; खरं नाव उंबऱ्याच्या आत. एका हाताने रेडा लोळवणारा शाबान मटकन खाली बसला.

मागे उभ्या असलेल्या रीहामला हसू येत नव्हतं. ती डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. उन्हाळ्याचे आठ आठवडे गावच्या दवाखान्यात काम करायला आलेली, हजला जाऊन आलेल्या म्हाताऱ्या हज्जा सनियाच्या घरी उतरलेली. आणि याच शेखने हज्जाला तिच्या आईचं नाव सांगून, "सुई फेक, माझं मंतरलेलं पाणी पी," म्हटलं होतं. हज्जाने इन्सुलिनच्या बाटल्या कालव्यात ओतल्या. आता तिच्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता.

रीहामने हातापाया पडून पाहिलं. हज्जा शांतपणे भाकरी थापत म्हणाली, "पोरी, तू चाळीस प्रश्न विचारलेस तेव्हा तुला कळलं. त्याला न विचारता कळलं. मग मोठं कोण?"

चाळीस प्रश्नांचा कागद घेऊन रीहाम घरोघर फिरली होती हे खरंच. साखर, रक्तदाब, गेलेली मुलं, आणि आईचं नाव. कारण चुलत-मावस भावंडांतच लग्नं होणाऱ्या गावात दुखणं कुठून आलं ते त्यावरून कळतं. पहिल्या आठवड्यात कुणी तोंड उघडलं नाही. मग दवाखान्यातल्या तहानी सिस्टर बरोबर आल्या. बावीस वर्षं गावाची बाळंतपणं केलेली बाई. दारोदारी म्हणाल्या, "यातला शब्द बाहेर गेला तर माझी जीभ झडो." बायकांनी कानात नावं सांगितली. भरलेले कागद कपाटात, किल्ली तहानींच्या कमरेला. दुपारी त्या रीहामला आपल्या डब्यातलं जुनं चीज आणि कांदा भरवायच्या, "माझ्या पोटची असतीस तर," म्हणायच्या.

"आणि तो साधासुधा नाही," हज्जा सांगत होती. "म्हणाला, तुझी तीन मुलं गेली. मला तर दोनच ठाऊक. तिसरं माझं मलाच कळलं नसेल."

रीहामचा घास हातातच राहिला. त्या दिवशी ओट्यावर सात बायका एकदम बोलत होत्या, आणि तिने शेजारणीची तीन मुलं चुकून हज्जाच्या कागदावर लिहिली होती. आकाशातून उतरलेलं ज्ञान तिच्या चुकीसकट कसं उतरलं?

तिने हज्जासमोर एक नवा कागद भरला. स्वतःच्या नावाचा. आईचं नाव: गुलफिदान. आजार: फेफरं. त्याची एक नक्कल हज्जाच्या झग्याच्या खिशात ठेवली, मूळ कागद तहानींच्या हाती दिला. देताना तिला मनापासून वाटत होतं की आपला संशय खोटा ठरावा.

तिसऱ्या दिवशी शेखने तिला पुढे बोलावलं. हात फिरला, डोळे मिटले. "गुलफिदानच्या पोरी, फेफऱ्याचा जिन आहे तुझ्यात."

हज्जा लंगडत उठली. खिशातून कागद काढून तिने शाबानच्या हातात दिला. "वाच रे. हे हिने माझ्यापुढे लिहिलं, खोटं. गुलफिदान हिची मांजर आहे."

"माझ्या आईचं नाव नवाल," रीहाम सगळ्यांदेखत म्हणाली. "आणि मला आजवर भोवळही आलेली नाही. शेखला जिन सांगत नाही. माझे कागद सांगतात."

शेख म्हणाला, जिनांचीही कधी गफलत होते. पण गाव त्याच्याकडे पाहतच नव्हतं. किल्ली कुणाच्या कमरेला असते ते प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

तहानींनी मान खाली घातली नाही. "बावीस वर्षं ओरडतेय, कालव्याचं पाणी पिऊ नका. कुणी ऐकलं? माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं, या शेखचं, एका दिवसात ऐकलंत."

"तुम्ही शपथ घेतली होती," रीहाम म्हणाली.

"आणि कागद कुणाचे?" शाबान रीहामकडे वळला. "माझ्या आईने आपलं नाव तुझ्या कानात सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून रीहाम दारोदार फिरली, ज्याचा त्याचा कागद परत देत, माफी मागत. प्रत्येक घरी तिने एकच सांगितलं: न विचारता कुणी तुमच्या मनातलं सांगितलं, तर पाया पडण्याआधी आठवा, हे आपण आधी कुणाला सांगितलं होतं. तो माणूस सापडला की चमत्कार संपतो. काही दारं उघडली, बरीचशी उघडलीच नाहीत.

शहरात हज्जाचा अंगठा कापावा लागला, पाय वाचला. परतल्यावर तिने बाही वर केली, दंड पुढे धरला.

"टोच सुई," ती म्हणाली. "पण लिहू नकोस."