दीप्तीची कडी

चाळ पाडून घाटकोपरात सातमजली बिल्डिंग उभी राहिली, आणि जी माणसं जन्मभर दारं सताड उघडी टाकून जगली त्यांना वर्षभरात बंद दाराची ऐट चढली. उघडं राहिलं ते एकट्या लताचं. कारण दीप्ती. वारलेल्या बहिणीची पोर, सहा वर्षांची. बाप आधी कडी लावायचा, मग पट्टा काढायचा. तो आता जेलात सडतोय, पण कडी वाजली की पोर अजून चड्डी ओली करते.

शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "लहान आहे, विसरेल." विसरते कसली! माझ्याकडे येऊन आठ महिने झाले.

त्यात सेक्रेटरी अंबादास. "लता, दार लाव, नाहीतर नोटीस काढतो. कुत्री चढतात वर."

"माझ्या आईच्या उघड्या दारातनं फुकट चहा ढोसायचास तेव्हा नाही दिसली रे कुत्री?"

"ती चाळ होती. हा टॉवर आहे."

"हो, बंद लिफ्टचा टॉवर!"

तो गेल्यावर लतानं दाराची वरची कडी उचकटली आणि खाली, पोरीच्या छातीइतक्या उंचीवर ठोकली. दोन स्क्रू वाकडे गेले, अंगठा सोलला.

"ही तुझी. तूच लावायची, तूच काढायची. मी हात लावणार नाही."

तीन दिवस पोरीनं कडीकडे बघितलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी लता ड्युटीवर निघायच्या आधी कचरा टाकायला बाहेर आली, आणि मागे खट्‌.

जिन्यातून अंबादास खिदळला. "घ्या! तुलाच बाहेर काढलं. धाड धाड वाजव ना!"

लताचा हात उचललेलाच होता. तो तिनं खाली घेतला. "तू गप बस." मग दाराला तोंड लावून म्हणाली, "दीप्ती, मी इथंच आहे गं."

मग आतून, "मावशी, तू चिडलीस?"

"जाम चिडले. ड्युटी बुडतेय माझी."

"मारशील?"

"नाही."

"मग थांब."

लता पायरीवर बसली. अंबादास कंटाळून निघून गेला. वीस मिनिटांनी कडी सरकली. लता उठली, तोवर परत खट्‌. परत सरकली. परत खट्‌. आत पोर चक्क हसत होती!

लताच्या डोक्यात सणक गेली. पायाला मुंग्या आलेल्या, सुपरवायझरचा चौथा फोन वाजत होता. तिनं तो कट केला, एक सणसणीत शिवी गिळली आणि पुन्हा खाली बसली.