चोपन्न नंबरची ओळ

या मित्रांनो, पुढे सरका. मागच्या बाकावरचेही या. माझा आवाज खडूच्या भुकटीसारखा बारीक आहे, लांबून ऐकू यायचा नाही. एक गोष्ट सांगायची आहे. ती एका माणसाची आहे आणि थोडी माझी आहे. हसण्यासारखं तिच्यात फार नाही. जिथे असेल तिथे हसून घ्या.

मी एक जुना फळा आहे. अस्सल पाटीच्या दगडाचा. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातून मला कापून काढलं. मला घासणाऱ्या कारागिराची करंगळी त्याच खाणीत गेली होती. उरलेल्या नऊ बोटांनी त्याने मला इतकं गुळगुळीत केलं, की त्याचा चेहरा माझ्यात दिसू लागला. मग आगगाडीने मी या सरोवराकाठच्या शहरात आलो आणि एका शाळेच्या भिंतीवर चढलो. पोलादाची भट्टी चालू होती तोवर वर्ग भरलेले होते. भट्टी विझली, घरं रिकामी झाली, शाळेला कुलूप लागलं. तेव्हा सीडर रस्त्यावरच्या चर्चच्या पाळकांनी, रेव्हरंड ग्रिग्ज यांनी, मला उचलून चर्चच्या तळघरात आणलं.

तिथले दिवस मला फार गोड गेले. रविवारी सकाळी लहान मुलं माझ्यावर बायबलमधली वचनं लिहीत. मग वर उपासना सुरू होई. पाळक ग्रिग्ज उपदेशाची सुरुवात बोलून करत आणि शेवट गाऊन. आधी साधं बोलणं, कुंपणापाशी उभं राहून शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग एकेक शब्द लांबत जाई, श्वासाला ठेका येई, मंडळी “हो, सांगा पाळक” म्हणत साथ देत, आणि बोलणं नेमकं कोणत्या वाक्यावर संपलं अन् गाणं कुठे सुरू झालं, ते इतक्या वर्षांत मला कधी पकडता आलं नाही. वर पाय थिरकू लागले की छताची धूळ माझ्या अंगावर पडे. मी ती आशीर्वादासारखी घेत असे.

उपासनेनंतर बायका, ज्यांना मंडळीत सगळे ‘सिस्टर’ म्हणत, तळघरात जेवण मांडत, आणि जानेवारी ते जुलै मी पुरुषांच्या ताब्यात जाई.

म्हणजे खरं तर लुशियस पेटवे यांच्या ताब्यात. ते चर्चचे डीकन, म्हणजे पाळकांना हातभार लावणारे मंडळीतले वडीलधारे. डीकन एकतीस वर्षं पोलादाच्या भट्टीत क्रेन चालवत होते. उंचावर बसून खालचं सगळं बघायची सवय डोळ्यांना लागलेली. आमच्या शहराचा फुटबॉल संघ म्हणजे स्टोकर्स; फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा, अंगावर धडका घ्यायचा अमेरिकी खेळ. डीकन त्यांचा एकही सामना चुकवत नसत. घरचा असेल तर स्टेडियमच्या सर्वांत वरच्या रांगेत दुर्बीण घेऊन, बाहेरचा असेल तर टीव्हीसमोर. चेंडूकडे बाकीचे बघत. डीकन माणसांकडे बघत. हंगाम चालू असताना सामन्याच्या संध्याकाळी ते तळघरात येत आणि प्रत्येक खेळाडूच्या नावापुढच्या चौकटीत एकच शब्द लिहीत. सोळा सामने, सोळा चौकटी. हंगाम संपला की त्या शब्दांवरून वाद सुरू होत: कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, एप्रिलमध्ये कॉलेजातून नवा कोण उचलायचा.

“क्वार्टरबॅकला घरी पाठवा,” हॉरेस बीमन म्हणायचा. तो शहरबस चालवत असे आणि डीकनांचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र होता. “चेंडू कोणाकडे फेकतोय ते त्याला दिसत नाही, आंधळा आहे तो. बस चालवताना मला आरशात त्याच्यापेक्षा जास्त दिसतं.”

“तुझ्या आरशात दिसत असतं तर परवा सिस्टर हॅटी दोन थांबे पुढे गेली नसती.”

“तिला घंटी ओढता येत नाही, त्याला मी काय करू?”

“क्वार्टरबॅक बरा आहे रे,” डीकन म्हणत. “डावीकडे त्याची राखण करणारा म्हातारा झालाय, त्याचे गुडघे गेलेत. पहिली निवड त्या जागेवर करा. आणि चोपन्नला सोडा.”

चोपन्न म्हटलं की तळघरात कोणीतरी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघे. कारण चोपन्न नंबरचा डेल्विन ओक्स आमच्याच मंडळीतला होता. त्याची आई, सिस्टर अर्नेस्टीन, त्या दारापलीकडे भांडी घासत असे.

मित्रांनो, डेल्विन सात वर्षांचा असताना माझ्यावर लिहीत होता. उंची पुरायची नाही म्हणून खुर्चीवर चढायचा. वरच्या हौदात त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा इतकं पाणी उसळलं, की ते खाली माझ्या चौकटीपर्यंत गळलं. मोठा होऊन तो स्टोकर्सच्या बचावात, मधल्या रांगेत उभा राहिला. चेंडू घेऊन पळत येणाऱ्याला अंगावर घ्यायचं आणि आडवं पाडायचं, हे त्याचं काम. पहिली दोन वर्षं डीकनांनी त्याच्या चौकटींत काय काय लिहिलं होतं. ‘भिंत’. ‘वीज’. एकदा नुसतं ‘देवा’.

तिसऱ्या वर्षी, सहाव्या सामन्यापासून, शब्द बदलले.

‘उशिरा’. त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘झोपेत’. मग ‘चुकीच्या बाजूला’, कारण खेळ थांबल्यावर तो विरुद्ध संघाच्या घोळक्याकडे चालत गेला होता. त्या दिवशी हॉरेस हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. “त्यांच्याकडे जेवण चांगलं असेल,” तो म्हणाला. मग ‘शिट्टीनंतरही उभा’. ‘दोनदा सांगावं लागलं’. ‘सरळ रेषेत पळेना’. अकरा चौकटी अशाच भरल्या.

“पगार वाढला आणि पोराचं लक्ष उडालं,” डीकन म्हणत. “आपल्यातला आहे म्हणून मी डोळेझाक करणार नाही.”

डीकनांची नजर खोटी नव्हती, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. त्यांनी जे पाहिलं ते सगळं घडलं होतं. फक्त त्यांनी ते आळस म्हणून वाचलं. त्या काळी सगळेच तसं वाचत. डोक्याला मार बसला की ‘घंटा वाजली’ म्हणत आणि पुन्हा मैदानात धाडत.

फेब्रुवारीत स्टोकर्सनी डेल्विनला सोडलं. डीकन म्हणाले होते तसंच झालं, पण त्या रविवारी त्यांनी कोणाकडून शाबासकी घेतली नाही.

ईस्टरला डेल्विन चर्चमध्ये येणार असं कळलं. आदल्या दिवशी दुपारी डीकन खाली आले. ओलं फडकं घेतलं आणि चोपन्न नंबरची ओळ, नावासकट, पुसून टाकली. हॉरेस खुर्च्या मांडत होता.

“घाबरलास होय?”

“पोरगा जेवायला येतोय. त्याच्या ताटासमोर हे कशाला?”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे इथे जेवायला येत नाहीत.”

मित्रांनो, ते फडकं मायेनं फिरत होतं. हे विसरू नका. पण दगडाच्या फळ्यावर ओलं फडकं फिरलं की मागे सावलीसुद्धा राहत नाही.

ईस्टरच्या दिवशी डेल्विन आला. नवा सूट, तेच रुंद हसू. हॅम, पाल्याची भाजी आणि रताळ्याची गोड पाई त्याने पोटभर खाल्ली. डीकनांना विचारलं, “गुडघा कसा आहे तुमचा?” डीकनांनी सांगितलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, “गुडघा कसा आहे तुमचा?” डीकनांनी पुन्हा सांगितलं. त्याची आई हातात पाण्याचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

पुढच्या बुधवारी सिस्टर अर्नेस्टीन एकटी तळघरात आली. डीकन बल्ब बदलत होते.

“डीकन, मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. पश्चिमेकडच्या एका संघानं जुलैत बोलावलंय त्याला. मला जाऊ द्यायचं नाही. डॉक्टर म्हणतात, यंत्रात काही दिसत नाही. त्याला विचारलं तर तो म्हणतो, मला काही होत नाही. ते म्हणाले, कधीपासून सुरू झालं, किती वेळा झालं, हे बघणाऱ्या कोणीतरी सांगितलं तर मी त्याला ठामपणे थांबवू शकेन.”

डीकन शिडीवरून उतरले.

“तुम्ही बघता,” ती म्हणाली. “सामन्यागणिक लिहिता. मी वाचलंय ते सगळं. भांडी पुसताना दर रविवारी वाचत होते.”

“सिस्टर, मला...”

“रागावले होते, खोटं कशाला बोलू? एकदा तुमच्या ताटात मुद्दाम करपलेला मक्याचा पाव घातला. पण आता मला तेच हवंय. सगळे शब्द. आहे तसे.”

डीकनांनी माझ्याकडे बोट केलं. त्रेचाळीस ओळी जशाच्या तशा होत्या. मधे एक काळा, स्वच्छ पट्टा.

ती रडली नाही. तिने त्या पट्ट्यावर हात ठेवला, आणि किती तरी वेळ तसाच ठेवला. मला त्यातलं अक्षर न् अक्षर पाठ होतं, मित्रांनो. सहाव्या सामन्यापासून सोळाव्यापर्यंत, क्रमाने. पण फळ्याला कोणी विचारत नाही आणि त्याला सांगताही येत नाही.

डीकनांनी ती ओळ पुन्हा लिहायला घेतली. काही आठवलं, काही हॉरेसने आठवून दिलं. ‘शिट्टीनंतरही उभा’ आठव्या सामन्यात की नवव्यात, यावर दोघे अडले. एका बैठकीत, एका खडूने, एकाच तिरप्या अक्षरात अकरा चौकटी भरल्या. आणि शनिवारी डेल्विनला बोलावलं.

तो आईबरोबर आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने ओळ वाचली. मग वरची वाचली, खालची वाचली. बोटाने माझ्यावरून पुसून बघितलं.

“डीकन, बाकी सगळी नावं पुसट झालीत. माझंच ताजं आहे.”

“आधीचं मी पुसलं होतं, बाळा. तू जेवायला येणार म्हणून.”

“आणि आईनं सांगितल्यावर परत लिहिलंत.”

“तिनं शब्द नाही सांगितले. ते माझे आहेत. सहाव्या सामन्यानंतर तू...”

“सहाव्या सामन्यात मी खेळलो होतो?” डेल्विन म्हणाला. लगेच हसला. “खेळलोच असणार. सगळे खेळलो.”

आईने त्याचा दंड धरला. हॉरेस उठला. एरवी त्याला गंभीर चेहरा करताच यायचा नाही. “मी साक्षीला आहे, डेल्विन. हे इथे होतं. मी त्यावर हसलोय. देव मला क्षमा करो, पोट धरून हसलोय.”

“ब्रदर हॉरेस, क्वार्टरबॅक आंधळा आहे असंही तुम्ही म्हणता. त्यालाही डॉक्टरकडे धाडा.” त्याने डीकनांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही तिघांनी ठरवून केलंय, प्रेमानं केलंय, मला कळतं. पण मी सत्तावीस वर्षांचा आहे. मला दुसरं काही येत नाही.”

आईने डॉक्टरांना कागदावर उतरवून तेच शब्द दिले. डॉक्टरांनी डेल्विनला विचारलं. डेल्विनने सांगितलं, ईस्टरनंतर लिहिलंय ते, मला थांबवायला. डॉक्टरांनी न जाण्याचा सल्ला दिला. जुलैत तो गेला.

ऑगस्टच्या सहाव्या दिवशी, सरावात, एक साधी धडक झाली. पाहणारे म्हणाले, रोज अशा पन्नास होतात. तो उठला, चार पावलं चालला, गवतावर बसला आणि आडवा झाला. महिनाभर त्याने डोळे उघडले नाहीत. नोव्हेंबरात आई त्याला घरी घेऊन आली.

त्या हंगामात डीकन स्टेडियमवर गेले नाहीत. एका रविवारी पाळक ग्रिग्ज वर गात होते, मंडळी उभी होती, छताची धूळ गळत होती, आणि डीकन खाली माझ्यासमोर खुर्ची टाकून एकटेच बसले होते. त्यांनी गाण्याला साथ दिली नाही. मीही त्या दिवशी धूळ घेतली, पण ती मला धूळच वाटली.

आता सिस्टर अर्नेस्टीन दर रविवारी डेल्विनला हाताला धरून तळघरात आणते. त्याला आई ओळखीची वाटते, पण आई म्हणून नाही. स्वतःचं नाव त्याला सांगावं लागतं आणि सांगितलेलं टिकत नाही. कसा कोण जाणे, फुटबॉल मात्र थोडासा उरला आहे. माझ्याकडे बघून तो डीकनांना विचारतो, “स्टोकर्सच्या मधल्या रांगेत यंदा कोण?”

“आहे एक. सीडर रस्त्यावरचा.”

“नाव काय?”

“डेल्विन ओक्स.”

“बरा खेळतो?”

“फार चांगला खेळतो.”

डेल्विन माझ्यावरून बोट फिरवतो. मग म्हणतो, “ठेवा त्याला. सोडू नका.”

“नाही सोडत,” डीकन म्हणतात. हॉरेस तोंड फिरवून खुर्च्या मांडायला लागतो, मांडलेल्या असल्या तरी.

मित्रांनो, माझा एक कोपरा फुटला आहे. पुढच्या वर्षी चर्चची डागडुजी होणार आहे आणि माझ्या जागी पांढरा, चकचकीत फळा येणार आहे असं ऐकतो. मला कुठेही टाका, त्याचं दुःख नाही. एवढंच मागतो: कोणाचं पाऊल उशिरा पडताना दिसलं, कोणी चुकीच्या बाजूला चालत गेला, तर हसण्याआधी त्याच्यापाशी जा आणि विचारा. आणि त्याचं जे काही लिहिलं असेल ते लाजेपोटी पुसू नका, आधी त्याच्या आईला दाखवा.

आणि एक. तो मुलगा स्वतःला विसरला आहे. डीकन म्हातारे झालेत, आई थकली आहे, माझा भरवसा नाही. म्हणून तुम्ही लक्षात ठेवा. चोपन्न नंबर, मधली रांग, सीडर रस्ता. डेल्विन ओक्स.