माशाच्या बाई

सहावीच्या वर्गाला पाठ वाचून महत्त्वाचं तेवढं अधोरेखित करायला सांगितलं की मुलं सगळ्याच ओळींखाली रेघ मारायची. अगदी सगळ्या! महत्त्वाचं काय, कशामुळे काय झालं, सगळं एकाच पोत्यात कोंबायचं आणि परीक्षेत ते पोतं उपडं करायचं. म्हणून बाईंनी त्यांना चित्रं काढायला शिकवलं. दोन गोष्टींची तुलना असेल तर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं, एका विषयाच्या अनेक बाजू असतील तर जाळं, आणि कारणं शोधायची असली की मासा. माशाचं डोकं काढून त्यात घडलेली गोष्ट लिहायची, मागे कणा ओढायचा, कण्याला काटे काढायचे आणि एकेका काट्यावर एकेका जातीची कारणं बसवायची. हा मासा मुलांना इतका आवडला की शाळाभर बाईंचं नाव 'माशाच्या बाई' पडलं. मुख्याध्यापिकाही एकदा चुकून तसंच म्हणून गेल्या आणि मग उगाच खोकत बसल्या.

नाव झालं, पण नोकरी काही पक्की झाली नाही. दरवर्षी नवी नेमणूक आणि दरवर्षी जीव टांगणीला. घरी आई, आईचे दुखरे गुडघे, आणि सुटीच्या दिवशी हमखास फोन करणारा दादा. "सोड ती मास्तरकी," दादा म्हणायचा, "माझ्या दुकानात काउंटरवर बस. खिळे आणि बिजागऱ्या कुणाची परीक्षा घेत नाहीत." बोलायचा तो मायेनेच, म्हणून तर जास्त झोंबायचं. यंदा शेवटची संधी होती. तपासणीचे साहेब येऊन एक तास बघणार. शेरा चांगला पडला तर बाई कायम, नाही तर दादाच्या बिजागऱ्या.

आता बाईंनी पुढे जे केलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण भीती माणसाकडून काय काय करून घेते! साहेब यायच्या आदल्या दिवशी त्यांनी तोच पाठ त्याच वर्गात शिकवून टाकला. तळ्यातले मासे का मेले, असा पाठ. मासा काढून झाला, कारणं काट्यांवर बसली, आणि मग बाईंनी एकेक उत्तर एकेकाला वाटून दिलं. कारखान्याचं पाणी तुझं, साचलेला कचरा तुझा, कडक ऊन तुझं. "उद्या मी विचारलं की आपापलं उत्तर द्या. आणि आज काही झालंच नाही असं वागा." मुलं बाईंवर जीव टाकायची. ती म्हणाली, बाई, तुम्ही बिनधास्त राहा.

तिथेच घात झाला.

साहेब मागच्या बाकावर बसले. बाक लहान, साहेब मोठे, गुडघे पार छातीशी आलेले. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. नुसती रेघ हो!

"अय्या, मासा!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

साहेबांनी मान वर केली. बाईंनी घाईघाईने माशाचं डोकं काढलं, त्यात 'तळ्यातले मासे मेले' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "आता आपण पाठ वाचू या आणि..." पण वाचायला कोण थांबतंय! वर्गात 'वकील' नावाने ओळखली जाणारी मुलगी टुणकन उठून म्हणाली, "कारखान्याचं पाणी!" पाठोपाठ कचरा आला, कचऱ्यामागून ऊन आलं. पुस्तकं अजून मिटलेलीच होती.

आणि मग गाडी अडली. सगळा वर्ग खिडकीजवळच्या एका रिकाम्या जागेकडे बघू लागला. बाईंनी डोळ्यांनी खुणावलं, पुढचं कुणीतरी बोला. शेवटी वकीलच पुन्हा उठली आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "बाई, चौथं उत्तर आज आलेलं नाही. त्याला ताप आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, म्हणजे आता लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाईंना आईचे गुडघे आठवले, दादाचा आवाज आठवला. मुलांना एवढंच कळलं की काहीतरी बिनसलं. वकील अगदी रडकुंडीला आली. "बाई, मी चुकीचं बोलले का?"

ते रडवेलं तोंड बघून बाईंना स्वतःचा भयंकर राग आला. नोकरी तर गेलीच, आता जाताना पोरांच्या डोक्यावर खापर फोडून जायचं?

"तू नाही चुकलीस," त्या म्हणाल्या, "मी चुकले." त्यांनी डस्टर उचललं, माशाचं डोकं पुसलं आणि त्यात नवीन लिहिलं : आजचा तास फसला. "हे का झालं? शोधा कारणं. आज कुणाचंही उत्तर वाटलेलं नाही."

मुलं आधी भांबावली. मग एक हात वर आला. "काटे कुठले घ्यायचे?" कुणी म्हणालं, मुलं हा एक काटा. कुणी म्हणालं, बाई हा दुसरा. कुणी चाचरत मागे बघितलं आणि पाहुणे हा तिसरा काटा निघाला. त्यावर 'मागे बसून हसत नाहीत' हे कारण बसलं. साहेबांनी घाईने चेहरा सैल केला. 'मासा व्हायच्या आत मासा म्हणालो' हे मुलांच्या काट्यावर गेलं. 'उत्तरं आधीच वाटली' यावरून मात्र जुंपली. ते बाईंच्या काट्यावर की मुलांच्या? "वाटली बाईंनी, पण घेतली आपण," वकील डोळे पुसत म्हणाली, "दोन्हीकडे लिहा." डोळे ओले, पण वकिली शाबूत! बाईंनी मुकाट्याने दोन्हीकडे लिहिलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून 'मौनीबाबा' उभी राहिली. ही पोरगी वर्गात कधी तोंड उघडायची नाही, म्हणून हे नाव. काल तिला उत्तरही दिलं नव्हतं. उगाच ऐन वेळी अडखळायची, असा बाईंचा हिशेब.

"बाईंना वाटलं, आम्हाला आपलं आपलं येणार नाही," ती म्हणाली.

बाईंनी खडू फळ्याला टेकवला, पण हात पुढे जाईना. "कुठल्या काट्यावर लिहू?"

मौनीबाबा पुढे आली. तिने खडू घेतला आणि एकही काटा न निवडता सरळ कण्यावर ते वाक्य लिहिलं. "सगळे काटे इथूनच निघतात," एवढं सांगून ती हात झटकत जागेवर गेली.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. वर्षभर आपण पोरांना कारण शोधायला शिकवलं आणि त्यांना ते येतं यावर आपलाच भरवसा नव्हता! बोल लागला होता, आणि खराच होता.

घंटा झाल्यावर साहेब दाराशी थांबले. "आजचा तास मला पास करता येणार नाही," ते म्हणाले, "उत्तरं वाटली होती, हे लिहावंच लागेल."

"हो, साहेब."

"त्यानंतर जे झालं तेही लिहीन. वर शिफारस करतो, त्यांनी होकार दिला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन. कायमचं काय ते तेव्हा. पाठ मीच निवडीन आणि इथे आल्यावरच सांगेन."

साहेब गेले. बाई वर्गात परतल्या तेव्हा मौनीबाबा दप्तर भरत होती. बाई तिच्यापाशी बाकावर टेकल्या. "काल तुला उत्तर दिलं नाही. राग आला होता?"

"आला होता," ती म्हणाली. "खूप."

"चुकलंच माझं, बाळा. साहेब परत आले तर पाठ कुठला असेल, मलाही माहीत नसणार. तेव्हा तुला विचारलं तर चालेल?"

मुलीने दप्तराचा पट्टा खांद्यावर चढवला आणि जरा विचार केला.

"विचारा की," ती म्हणाली. "पण उत्तर माझं मी शोधीन. चुकलं तरी मधे बोलायचं नाही."